निघू की थांबू?

"निघालास ना? मग पोच! नाहीतर लाइनीवर थांब. मध्येच काय टॅक्सी शोधतोयस?"

जुलैतली सकाळ, शिवाजी पार्क, घोट्यापर्यंत चिखल, पोरांचा फुटबॉलचा सराव. सरांचा आवाज पार कट्ट्यापर्यंत येत होता. गोलमधल्या चौदा वर्षांच्या पोराने क्रॉस सोडला होता. क्रॉस म्हणजे मैदानाच्या कडेवरून गोलसमोर उंच मारलेला बॉल. (आपल्याकडच्या क्रॉस मैदानाचा याच्याशी संबंध नाही, तिथे बहुतेक वेळ क्रिकेटच.) बॉल हातातून निसटला म्हणून पोराला बोलणी बसली असं मला वाटलं होतं. पण चूक हातांची नव्हती, ती सेकंदभर आधीच, निघू की थांबू हे ठरवताना, होऊन गेली होती.

थोडं गणित करू. ६८ मीटर रुंद मैदानावर कॉर्नरपासून गोलच्या मध्यापर्यंत ३४ मीटर होतात. बॉलला तिथे पोचायला १.६ सेकंद लागले आणि गोलीने, म्हणजे गोलकीपरने, तो उडी मारून २.८ मीटर उंचीवर पकडला असं धरा. हवेचा अडथळा सोडून दिला, तर असा बॉल वाटेत साडेचार मीटरहून वर जाऊन आलेला असतो. गोल करायला आलेल्या समोरच्या फॉरवर्डचं डोकं उडीतही २.३ मीटरच्या आसपासच पोचतं. बॉल तेवढा खाली यायला आणखी जेमतेम ०.०८ सेकंद लागतात. हात वापरण्याच्या मुभेतून गोलीला मिळणारा फायदा एवढाच. डोळ्यांनी पाहून शरीर हलायलाच साधारण ०.२ सेकंद जातात, म्हणजे अर्धं पाऊल उशिरा टाकलं तरी तो फायदा संपला.

म्हणून बॉल कुठे पडणार हे तो वर चढत असतानाच कळायला हवं. ते कसं कळतं? १९६८ साली सेव्हिल चॅपमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने बेसबॉलच्या कॅचबद्दल एक सुरेख गोष्ट मांडली. बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसलं की समोर काच असते ना, तशी काच डोळ्यांपुढे कल्पा. समोरून येणाऱ्या बॉलचा ठिपका त्या काचेवर एकाच वेगाने वर सरकत राहिला, तर बॉल थेट तुमच्याकडे येतोय. ठिपक्याचा वेग वाढत गेला तर बॉल डोक्यावरून जाणार, मंदावला तर अलीकडे पडणार. गंमत म्हणजे आपल्याकडे येणारा बॉल प्रत्यक्षात खाली उतरू लागला तरी काचेवरचा ठिपका चढतच असतो.

क्रॉस मात्र बाजूने येतो, म्हणून आडवी दिशाही बघावी लागते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जाताना दुसरी बोट सतत एकाच दिशेला दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर टक्कर ठरलेली. तांडेल ती टाळतो, गोलीला तीच हवी असते. बॉलचा कोन बदलू नये अशा बेताने तो पावलं टाकतो, आणि हे गणित तो करतोय याचा त्याला पत्ताही नसतो.

घोळ होतो तो फिरकीने. फिरणारा बॉल हवेला एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला वळतो. हा मॅग्नस परिणाम, हाइनरिश मॅग्नसने १८५२ साली अभ्यासलेला. आपल्या डोळ्यांना वेग चांगला कळतो, पण वेगातला बदल फार कमी जाणवतो. त्यामुळे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला, गोलकडे वळत येणारा कॉर्नर भल्याभल्यांना चकवतो.

मग सराव कसा घ्यायचा? एकाच जागेवरून वीस सारखे क्रॉस मारले की पोरं छान पकडतात आणि घरच्यांनाही बरं वाटतं. मला या सरावाबद्दल शंका आहे. १९७९ साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी लाकडी फळ्या ठराविक क्रमाने पाडायचा खेळ लोकांना शिकवला. ज्यांचे क्रम सरमिसळ करून दिले ते सरावात मागे पडले, पण नंतरच्या परीक्षेत त्यांनाच जास्त आठवलं.

सरांनी ते वाचलं असेल-नसेल. त्यांनी दोन धिप्पाड पोरं गोलीच्या अंगाला खेटून उभी केली, स्वतः पाठ फिरवली, आणि डावीकडून कधी हाताने, कधी पायाने, कधी आखूड तर कधी वळवून बॉल यायला लागले.

सातव्या-आठव्या बॉलला पोरगा ओरडला, "कीपर!" आणि निघाला. एक गुडघा वर, दोन्ही मुठी जोडून. ओला बॉल पकडायच्या फंदात तो पडला नाही, ठोसा मारून पार कडेच्या डबक्यात घातला.

"आता टॅक्सी मिळाली," सर पाठमोरेच म्हणाले.