दोर सैल सोडण्याची विद्या

मुंबई उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये केवळ मौजेच्या फेरीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न शहरासमोर प्रथमच ठळकपणे उभा राहिला. चौपाटीवरच्या फेऱ्या आणि लग्नाच्या वराती यांच्यामुळे तो आजही संपलेला नाही. अशा ठिकाणाहून सोडवून आणलेले शिंगरू वयाने कोवळे, बहुधा उपाशी आणि माणसाच्या हाताला बुजलेले असते. त्याला शहाणे करून योग्य घरी पोहोचवणे हे जितके दयेचे, तितकेच शास्त्राचेही काम आहे.

पहिली परीक्षा चाऱ्याची असते. बरगड्या दिसणाऱ्या जनावरापुढे चंदीची, म्हणजे दाणागोट्याची, पाटी भरून ठेवावी असे कोणालाही वाटेल, पण दीर्घ उपासमारीनंतर तीच जिवावर बेतू शकते. धान्यातील पिष्टामुळे रक्तातील साखर आणि पाठोपाठ इन्सुलिन वाढते, इन्सुलिनबरोबर फॉस्फरस व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात, रक्तात त्यांची तूट पडते आणि हृदय व श्वसन कोलमडू शकते. म्हणून पशुवैद्याच्या देखरेखीखाली पिष्ट कमी आणि प्रथिने अधिक असलेला लसूणघास हा चारा थोडा थोडा, दिवसातून अनेकदा देतात.

शिकवण्यापूर्वी घोड्याला जग कसे दिसते ते समजून घ्यावे लागते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो, मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. त्यामुळे मागून गेलेल्या माणसावर दुगाण्या झाडणारे शिंगरू खोडकर नसून घाबरलेले असते. त्याच्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जावे आणि आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी खाजवावे. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजमापांतून दिसून आले आहे.

घोड्याच्या शिक्षणाचा गाभा दाब आणि सुटका यांत आहे. म्होरकीचा, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याचा, दोर हलकेच ताणला की शिंगरू आधी अडते, मान वर करते, मागे सरते. ते अर्धे पाऊल जरी पुढे आले, तरी त्याच क्षणी दोर सैल सोडावा लागतो, कारण त्याला शिकवण मिळते ती दाब थांबण्यातून. सुटका काही क्षण उशिरा झाली तर तिचा संबंध भलत्याच हालचालीशी जोडला जातो. आणि ते मागे ओढत असतानाच दोर सोडला, तर ओढल्याने सुटता येते हा धडा पक्का होतो. पाय उचलण्याचेही तसेच आहे. हात खांद्यावरून हळूहळू खाली न्यावा, शिंगराने पाय झटकला तरी हात तिथेच राहू द्यावा, आणि पाय स्थिर झाल्यावरच तो काढावा. पुढे खूर बोटभर उचलून, त्याने हिसका देण्याआधी आपणच खाली ठेवावा. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढत असल्याने दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदापुढे उभे राहणे त्याला आयुष्यभर चुकणार नाही.

खोगिराची मात्र घाई नको. खुराजवळच्या हाडांची वाढ लवकर पूर्ण होते, गुडघ्यावरच्या हाडाची सुमारे अडीच वर्षांनी, तर पाठीच्या मणक्यांची पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. दोन वर्षांचे शिंगरू उंचीने घोडा दिसले तरी त्याची पाठ अजून कोवळीच असते. मोकळे चालणे-धावणे हाडांना बळ देते. पाठीवर माणूस बसवण्याची गोष्ट वेगळी. दत्तक देण्यालायक शिंगरू म्हणजे रपेटीला तयार झालेले शिंगरू, ही समजूत मला चुकीची वाटते. जे म्होरकी घालू देते, चारही पाय देते, सुई टोचताना उभे राहते आणि न बिथरता गाडीत चढते, ते तयार झाले.

मग घर. मुंबईच्या हद्दीत घोड्याला मोकळी जागा मिळणे जवळपास अशक्य असल्याने शोध बहुधा कर्जत, अलिबाग किंवा घाटापलीकडे घ्यावा लागतो. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, म्हणून हौसेपेक्षा पुढच्या दोन दशकांच्या खर्चाची तयारी आधी पाहावी. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, एकट्याने दावणीला उभा राहिला तर तो खंगतो, तेव्हा तिथे दुसरा घोडा असलाच पाहिजे. कोकणच्या पावसात खुरांचे तळ सडतात. कोरडी, उंच जमीन नसेल तर बाकीच्या सोयी कितीही चांगल्या असल्या तरी मी ते घर नाकारीन. स्थलांतरापूर्वी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आवश्यक आहे, कारण हा रोग माणसालाही होतो; त्याच्या निदानाची मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. धनुर्वाताची लसही टाळू नये, कारण घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो.

शिंगराबरोबर त्याचा नेहमीचा चाराही पाठवावा आणि नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. चारा पचवणारे जिवाणू एका दिवसात बदलत नाहीत, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने पोटशूळ त्याला थेट मृत्यूपर्यंत नेऊ शकतो. कोणता पाय देताना ते बिचकते, कशाच्या आवाजाने बुजते, हेही नव्या मालकाला लिहून द्यावे, म्हणजे दोर कधी सैल सोडायचा हे त्याला पहिल्या दिवसापासून कळेल.