तोंडी हिशेब (ग्रामीण विदर्भातील)

कागद, पेन्सिल किंवा यंत्र हाती न घेता मनातल्या मनात केलेले गणित म्हणजे तोंडी हिशेब. त्याचे दोन भाग पडतात : आधी बांधलेला अंदाज आणि नंतर काढलेले नेमके उत्तर. विदर्भाच्या खेड्यांत कापसाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे), वेचणीची मजुरी, फवारणीचे प्रमाण आणि वावराचे क्षेत्र या चार ठिकाणी तो लागतोच. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरने यातला दुसरा भाग जवळजवळ पूर्ण उचलला. पहिला भाग तो उचलत नाही, आणि माणसाच्या बुद्धीवर यंत्राचा परिणाम काय होतो याचा उलगडा बराचसा तिथेच होतो.

जुन्या शाळेत आणि संध्याकाळच्या परवच्यात पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचे पाढेही म्हणून घेत. पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन) असे हे सात पाढे. ‘दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन’ अशा चालीत ते पाठ होत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तोवर हे पाढे व्यवहाराला नेमके बसत. चार आणे म्हणजे पाव रुपया, बारा आणे म्हणजे पाऊण. मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे, हा ठोकताळा त्याच मापांवर उभा होता; अडीच शेर म्हणजे मणाचा सोळावा भाग आणि आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५६ च्या कायद्यानंतर किलो-क्विंटल रुजले आणि या ठोकताळ्याचा आधारच गेला. म्हणजे तोंडी हिशेबाला पहिला धक्का कॅल्क्युलेटरने दिलेला नाही, मापे बदलली त्याने दिला. नव्या मापांनी त्याच्या जागी अधिक सोपा ठोकताळा दिला होता : क्विंटलला जितके रुपये, किलोला तितके पैसे. तो मात्र पाढ्यांसारखा कोणी घोकून घेतला नाही.

पद्धत एका उदाहरणातून पाहावी. कापूस भरला सात क्विंटल पस्तीस किलो, भाव धरू ७,२०० रुपये क्विंटल. आधी अंदाज : साडेसात क्विंटलचे चौपन्न हजार, तेव्हा उत्तर चौपन्नच्या थोडे खाली यायला हवे. मग मोठा तुकडा : सात बहात्तरे पाचशे चार, म्हणून ५०,४००. मग वरचे किलो : किलोला ७२ रुपये, पस्तीस म्हणजे साडेतीनाच्या दहापट, बहात्तरची औटकी दोनशे बावन्न, म्हणून २,५२०. एकूण ५२,९२०. ज्याला औटकी येत नाही त्याने तीन बहात्तरे दोनशे सोळा घेऊन त्यात बहात्तरचे निम्मे छत्तीस मिळवावे. मोठा आकडा आधी आणि किरकोळ नंतर, हा क्रम कागदावरच्या गुणाकाराच्या उलटा आहे आणि तो मुद्दाम तसा आहे : मध्येच कोणी हाक मारून हिशेब तुटला तरी हातात राहिलेला आकडा खऱ्या उत्तराच्या जवळचाच असतो.

मन एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा सुमारे चार गोष्टींची मांडली. पाठ असलेला पाढा ही जागा अडवत नाही, तो दीर्घ स्मृतीतून आयता येतो. म्हणून उरलेली जागा भाव, वजन आणि कटतीचा (कपातीचा) विचार करायला मोकळी राहते. पाढा हे या अर्थाने एक तंत्रज्ञानच आहे, फक्त ते डोक्यात बसवलेले आहे. कॅल्क्युलेटरही जागा मोकळी करतो. फरक एवढा की पाढे असलेल्या माणसाला आकड्यांचा आकार दिसत राहतो, नसलेल्याला पडद्यावर आलेले खरेच मानावे लागते.

कॅल्क्युलेटरने मुलांचे गणित बिघडते, या सरसकट भीतीला संशोधनाचे निष्कर्ष दुजोरा देत नाहीत. रे हेम्ब्री आणि डोनाल्ड डेसार्ट यांनी १९८६ मध्ये शाळांतल्या कॅल्क्युलेटरवरचे ७९ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला कॅल्क्युलेटर दिला तर मुलांचे कागदावरचे गणित बिघडत नाही, असे दिसले. अपवाद होता चौथीचा. हे वय महत्त्वाचे आहे, कारण आकडेमोड तेव्हाच पक्की होत असते. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कोलकाता व दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुले विक्रीचा अवघड हिशेब तोंडी करताना आढळली, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेले सोपे गणित त्यांना अडले, शाळेतल्या मुलांचे बरोबर उलटे झाले. आठवडी बाजारात भाजी विकणारे पोर गणितात ‘कच्चे’ ठरवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे वाचायला हवे. कामातले आणि शाळेतले गणित जोडायचा प्रयत्न विदर्भातच झाला होता : ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीममध्ये, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या योजनेत, सूतकताईतून गणित शिकवत. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी. मुलाने स्वतः काढलेल्या सुतावरच गुणाकार आणि सरासरी.

प्रत्यक्ष चुका कुठे होतात? बोट चुकून आकडा चुकणे नेहमीचेच, पण घातक चूक शून्याची आणि टिंबाची असते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५, मोबाइलवर ई-पीक पाहणी करताना ते १.५ असे भरले तर पंचेचाळीस आर, म्हणजे एकराहून जास्त क्षेत्र कागदावर वाढते. हेक्टर अडीच एकरांना किंचित कमी पडतो, हे ज्याच्या डोक्यात आहे त्याला दीड हेक्टर म्हणजे पावणेचार एकर असे लगेच जाणवते आणि आपले वावर तेवढे नाही हेही.

फवारणीचेही तसेच. औषधाच्या लेबलावर मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते, मोजायची असते पाठीवरच्या पंपाला. अडीचने भागायचे तर चौपट करून एक शून्य काढावे : हेक्टरी ५०० मिली, चौपट २,०००, म्हणून एकरी २०० मिली. एकराला दहा पंप लागत असतील तर पंपाला २० मिली. पंप किती लागतात हे आधी नुसते पाणी फवारून मोजावे लागते. हा आकडा कोणत्याही यंत्रात नसतो. हेक्टरची मात्रा एकराची समजली की औषध अडीचपट पडते, पाने करपतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तेवढेच जास्त विष येते.

टक्क्यांचे बटणही फसवते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत कापसाला आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारापर्यंत टक्क्याला टक्का कपात होते. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दहा टक्के ओलाव्याला दोन टक्के कपात. तोंडी : एका टक्क्याचे एक्क्याऐंशी रुपये, दोहोंचे सुमारे एकशे बासष्ट, उरले ७,९४८ च्या आसपास. ‘८११० वजा २ टक्के’ असे दाबल्यावर काही कॅल्क्युलेटर ७,९४७.८० दाखवतात, काही ८,१०९.९८. दुसरे उत्तर चूक आहे हे बटण सांगत नाही.

आकड्यांची नावेही इथे आड येतात. घरचे आजोबा ‘एकोणसत्तर’ म्हणतात, इंग्रजी माध्यमातला नातू ‘सिक्स्टी नाइन’. दोघांचा हिशेब बरोबर असतो, पण एकमेकांचा तपासता येत नाही. पाढ्यांची परंपरा तुटण्यामागे कॅल्क्युलेटरबरोबर याचाही हात असावा.

वेचणीच्या मजुरीत अजून तोंडी हिशेब टिकून आहे. किलोला आठ रुपये दर धरला तर साडेसदतीस किलोचे तीनशे, हे वेचणारी बाई काट्याचा आकडा पडायच्या आत सांगते, कारण आपल्या गाठोड्याचा भार तिने डोक्यावर आणलेला असतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलताना रिकामे फडके आधी ठेवून शून्य करावे. तसे केले नाही तर अर्ध्या किलोच्या फडक्यामागे पाच गाठोड्यांत अडीच किलोचा फरक पडतो. वजनाचा अंदाज आधी मोठ्याने सांगायचा आणि मगच काट्याकडे पाहायचे. दोहोंत किलो-दीड किलोहून जास्त तफावत आली तर काटा पुन्हा शून्य करून गाठोडे परत टांगायचे.