पित्ताशयातला खडा आणि मुतखडा: एकात पिशवी का काढतात आणि दुसऱ्यात फक्त खडा का

सोनोग्राफीच्या कागदावर ‘स्टोन’ दिसला की घरात दोन गोष्टी लगेच सुरू होतात. कुणीतरी भरपूर पाणी प्यायला सांगतं आणि कुणीतरी कुळीथ भिजत घालतं. खडा मूत्रपिंडात असेल तर पाण्याचा सल्ला अगदी योग्य आहे. खडा पित्ताशयात असेल तर पाण्याचा किंवा कुळथाच्या कढणाचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. मग सर्जनकडे गेल्यावर प्रश्न येतो, ‘शेजारच्या काकांचा खडा मशीनने फोडला, दुसऱ्या दिवशी ते घरी आले. आमच्या आईची मात्र पित्ताची अख्खी पिशवी काढायची म्हणता, असं का?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर न मिळाल्यामुळे कित्येक जण ऑपरेशन वर्षानुवर्षं टाळतात आणि शेवटी कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज घेऊन इमर्जन्सीत पोहोचतात.

आधी जागा पाहू. पित्ताशय ही यकृताच्या खाली, पोटाच्या उजव्या वरच्या भागात चिकटलेली छोटी पिशवी. तिच्यात साधारण 30 ते 50 मिलिलिटर पित्त मावतं. पित्त ती तयार करत नाही, ते काम यकृताचं. पिशवी ते साठवते, घट्ट करते आणि तेल-तूप पोटात गेलं की आकुंचन पावून आतड्यात सोडते. या घट्ट झालेल्या पित्तात कोलेस्टेरॉलचं प्रमाण बिघडलं किंवा पिशवी नीट रिकामी होईना, की खडे जमू लागतात. काहींत ते कोलेस्टेरॉलऐवजी बिलिरुबिन या रंगद्रव्याचे असतात. बायकांमध्ये, विशेषतः गरोदरपणानंतर, हे खडे जास्त आढळतात. वजन झपाट्याने उतरवणाऱ्यांतही आढळतात, आणि झटपट बारीक होण्याच्या मागे लागलेल्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

मुतखडा बनतो लघवीतल्या क्षारांपासून, बहुतेकदा कॅल्शियम ऑक्झलेटपासून. उन्हात राबणारा, घाम गाळणारा आणि पाणी कमी पिणारा माणूस त्याला सहज सापडतो, कारण लघवी दाट झाली की क्षार विरघळलेले राहत नाहीत. इथे पाणी हेच खरं औषध. दिवसाकाठी लघवी दोन-अडीच लिटर व्हावी इतकं पाणी पोटात जायला हवं. ‘खड्यात कॅल्शियम आहे, म्हणून दूध बंद’ हा सल्ला मात्र उलटा पडतो. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे लघवीत ऑक्झलेट कमी उतरतं. कमी करायचं आहे ते मीठ.

दुखणंही वेगळं असतं. पित्ताशयाची कळ बहुधा जड जेवणानंतर येते, लग्नाच्या पंगतीनंतर रात्री वगैरे. उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर मधोमध दुखतं, कळ पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि ओसरते. पिशवीला सूज आली तर दुखणं थांबत नाही, ताप येतो आणि माणूस हालचाल टाळून पडून राहतो. मुतखड्याची कळ पाठीच्या बाजूने, बरगड्यांच्या खालून निघते आणि कुशीतून जांघेकडे उतरते. तो माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, लघवी लालसर होते. वय झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला बेंबीच्या वर दुखत असेल तर ‘पित्त झालंय’ म्हणून थांबू नका, आधी ईसीजी काढा. हृदयाचं दुखणंही तिथेच जाणवू शकतं.

आता मूळ प्रश्न. मूत्रपिंड रक्त गाळतं, ते खड्यासाठी काढून टाकणं परवडणारं नाही. शिवाय तिथून बाहेर पडायला वाट आहे: सुमारे 25 सेंटिमीटरची मूत्रवाहिनी, पुढे मूत्राशय, आणि मागून सतत वाहणारी लघवी. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपणहून निघून जातात. मोठा असेल तर बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन फोडतात, किंवा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने चुरा करतात, किंवा पाठीतून लहान छिद्र पाडून काढतात.

पित्ताशयाचं गणित वेगळं आहे. तिथून निघालेला तुकडा अरुंद नळीतून मुख्य पित्तनलिकेत उतरतो, आणि ही नलिका आतड्यात उघडते त्याच तोंडाशी स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. तुकडा तिथे अडकला तर कावीळ होते, नलिकेत जंतुसंसर्ग होतो, स्वादुपिंडाला सूज येते. लहान खडे बिनधोक आणि मोठे धोक्याचे, ही समजूत म्हणूनच इथे चालत नाही. घसरतात ते लहान खडेच.

फक्त खडे काढून पिशवी ठेवायचा प्रयत्न कुणी केलाच नाही असं नाही. 1867 साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या जॉन बॉब्ज यांनी पित्ताशय उघडून खडे काढले होते. पण अशी पिशवी पुन्हा खडे बनवते. 15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबूख यांनी पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं. त्यांचं म्हणणं असं, की पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर पिशवी खडे तयार करते म्हणून ती काढायची. सगळा वाद या एका विचारात मिटतो असं मला वाटतं.

तरीही शंभर वर्षांनी पिशवी ठेवून खडे फोडण्याचा प्रयोग झाला. 1980 मध्ये म्युनिकला ध्वनिलहरींनी पहिल्यांदा मुतखडा फोडला गेला, आणि त्या यशामुळे 1985 मध्ये तिथेच पित्ताशयातल्या खड्यांवरही तेच तंत्र वापरून पाहिलं. खडे फुटत होते. पण तुकडे विरघळायला महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागत, मधेच कळा येत, आणि बऱ्या झालेल्यांपैकी अनेकांना काही वर्षांत नवे खडे होत. खडे विरघळवणारं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड आजही मिळतं. ते फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतं, तेही पिशवीचं काम नीट सुरू असेल तर, आणि औषध थांबल्यावर साधारण निम्म्या लोकांत पाच वर्षांत खडे परततात. काकांच्या मशीनने आईचा खडा का फोडत नाहीत, त्याचं उत्तर हे आहे. करून पाहिलं आणि टिकलं नाही.

लॅप्रोस्कोपीने हे ऑपरेशन सोपं केलं, पण त्यामागचं कारण तेच राहिलं. 1985 मध्ये जर्मनीच्या एरिख म्युहे यांनी दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. भारतात ते 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं. जे. जे.सारख्या सरकारी रुग्णालयात, गरीब रुग्णांसाठी हे तंत्र आधी सुरू झालं याचं मला फार मोल वाटतं. हातावर पोट असलेल्याला लवकर कामावर परतता येणं ही चैन नाही.

यात पूर्ण भूल देतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोटाची भिंत वर उचलतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. सहसा चार छिद्रं असतात, अर्धा ते एक सेंटिमीटरची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापतात, पिशवी यकृतापासून सोडवून बेंबीजवळच्या छिद्रातून बाहेर काढतात. सगळ्यात नाजूक क्षण नळी कापण्याआधीचा. ती पिशवीचीच नळी आहे, मुख्य पित्तनलिका नव्हे, याची खात्री पटल्याशिवाय चांगला सर्जन कात्री चालवत नाही. मुख्य नलिकेला इजा होणं विरळ, पण झाली तर आयुष्यभराचं दुखणं. म्हणून सूज फार असेल, काही स्पष्ट दिसत नसेल, तर सर्जन पोट उघडून ऑपरेशन पुरं करतो. नातेवाइकांना ते अपयश वाटतं. खरं तर तो शहाणपणाचा निर्णय असतो, आणि त्याची कल्पना भूल देण्याआधीच द्यायला हवी.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटातल्या गॅसमुळे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला होणारी चुरचुर खांद्यात जाणवते, घाबरू नये. पिशवी नसली तरी यकृताचं पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना थोडे दिवस तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होते. जन्मभर पथ्य पाळावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगायला हवी. पित्ताशयात खडे आहेत पण कधीच कळ आलेली नाही, अशांपैकी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि आठवड्यात तारीख ठरली, असं होऊ नये. पोट फुगणं, ढेकर, छातीत जळजळ यांसाठी पिशवी काढली तर ती तक्रार ऑपरेशननंतरही राहू शकते. 3 सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा किंवा पिशवीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम अशा काही कारणांनी कळ नसतानाही ऑपरेशन सुचवतात. ते कारण डॉक्टरांकडून समजून घ्या. पण खऱ्या कळा सुरू झाल्या असतील तर थांबण्यात फायदा नाही.

ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याच्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या उपायाबद्दलही सांगायला हवं. शौचातून पडणारे हिरवट गोळे लोकांना खडे वाटतात. ते तेलापासून आतड्यात बनलेले साबणासारखे गोळे असतात, खडे पिशवीतच राहतात. वर एवढं तेल एका दमात प्यायल्याने पिशवी जोरात आकुंचन पावते, म्हणजे खडा नळीत ढकलला जाण्याची भीती वाढते.

खडा मुख्य नलिकेत उतरलाच असेल, तर बहुतेक ठिकाणी आधी तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपी करून तो काढतात आणि मग लॅप्रोस्कोपीने पिशवी. दोन प्रक्रियांचा खर्च ऐकून ‘खडा तर निघाला’ म्हणत लोक दुसरी टाळतात. कारखाना आतच राहतो, आणि पुढचा खडा पुन्हा त्याच नलिकेत येऊ शकतो.

ताप आणि थंडी ही दोन्हीकडची धोक्याची खूण आहे. डोळे पिवळे, हुडहुडी आणि उजवीकडे पोटात कळ असेल तर पित्तनलिकेत पू होत असू शकतो. कुशीत कळ आणि हुडहुडी भरून ताप असेल तर अडलेल्या मूत्रपिंडात संसर्ग झालेला असू शकतो. दोन्हींत सकाळपर्यंत वाट पाहायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. तिथे मूत्रपिंडासाठी डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी बारीक नळी, घातला तर तो काढायची तारीख घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दुखणं थांबलं की त्याचा विसर पडतो, आणि महिनोन्‌महिने आत राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे जमतात.