गोकाकच्या धबधब्यापेक्षा गावचा बंधारा डेंजर

आमच्या फॅमिली ग्रुपवर पुतण्याने फोटो टाकला. ऑनलाइन मागवलेली हवा भरायची कयाक (वल्ह्याची छोटी होडी), हॉलमध्ये सोफ्याला लावून फुगवलेली आणि आत हा वल्हं घेऊन बसलेला, खाली लिहिलंय "पाऊस ओसरला की वेदगंगेत". मी लगेच फोन केला, बाबा रे मधे बंधारे आहेत त्याचं काय करणार? तर म्हणतो, "काका, बंधारा म्हणजे काय हो, दीड मीटरची पायरी. कयाक वरनं सरकन खाली जातीय, व्हिडिओत बघितलंय. आणि पोहायला येतंय की मला."

दर पावसाळ्यात पेपरात येतं, कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ बंधारे पाण्याखाली. आपण ते वाचतो रस्ता बंद झाला म्हणून, किती वळसा पडणार एवढंच बघतो. पण नदीतनं येणाऱ्याला हा बंधारा कसा दिसतो? दिसतच नाही. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, लांबनं आवाज येतो, तुषार उडतात, कुणी होडी घेऊन तिकडे जाणार नाही. बंधाऱ्याच्या वर मात्र पाणी तळ्यासारखं संथ आणि कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर वर, त्यामुळे समोर फक्त एक सरळ रेघ दिसते आणि पलीकडच्या झाडांचे शेंडे दिसतात, बुंधे नाहीत. बुंधे गायब झाले की समजायचं पाणी पुढे खाली उतरतंय.

आता माझा आवडता भाग. स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ बारीक सोडा. धार जिथे पडते तिथे पाण्याची पातळ गुळगुळीत चकती होते आणि थोड्या अंतरावर गोल कडं तयार होतं, तिथे पाणी एकदम जाड होतं. चकतीतलं पाणी त्याच्यावरच्या लाटेपेक्षा जोरात पळतं, कड्याबाहेरचं हळू. वेगवान पाणी हळू पाण्यावर आदळून उंच होतं, ह्याला हायड्रॉलिक जंप म्हणतात.

बंधाऱ्याखाली हेच होतं, मोठ्या मापात. समजा वरच्या पातळीपासून पायथ्यापर्यंत पाणी २ मीटर उतरलं, तर वेग येतो सेकंदाला ६.३ मीटर, म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या वर. पायथ्याशी त्याचा थर २० सेंटिमीटर धरा. एवढ्या थरात लाट फक्त सेकंदाला १.४ मीटरने जाते, म्हणजे पाणी लाटेच्या साडेचार पट वेगात आहे, ह्या आकड्याला फ्राउड नंबर म्हणतात. त्यावरनं गणित केलं (सूत्र देत नाही, अर्धे लोक इथेच पळतील) तर खालच्या बाजूला साधारण १.१७ मीटर खोल पाणी असलं की जंप बरोबर पायथ्याशी बसते. नदीत त्यापेक्षा कमी पाणी असेल तर जंप बंधाऱ्यापासून पुढे ढकलली जाते. पण पाणी जास्त असेल, समजा १.३ मीटर, तर जंप बुडते. वरनं येणारी धार तळाला चिकटून पुढे जाते, काही अंतरावर उकळी फुटल्यासारखी वर येते आणि तिथनं पृष्ठभागावरचं पाणी दोन वाटांनी जातं, अर्धं पुढे आणि अर्धं उलटं, परत बंधाऱ्याकडे! उकळीच्या अलीकडे जे तरंगतंय ते सगळं मागे ओढलं जातं, धारेखाली दाबलं जातं, तळातनं पुढे येऊन वर येतं, परत मागे.

ह्या उलट्या पाण्याचा वेग सेकंदाला दीड-दोन मीटर होऊ शकतो. ऑलिंपिकवाले १०० मीटर ४७ सेकंदांच्या आसपास पोहतात, म्हणजे सेकंदाला दोन मीटरच्या जरा वर, तेसुद्धा स्वच्छ स्थिर पाण्यात. "पोहायला येतंय की मला" ह्याचं उत्तर मिळालं का?

आणि गंमत बघा, खालचं पाणी चढत जाईल तसा बंधारा छोटा दिसतो, आवाजही कमी होतो. म्हणजे काल खळखळाट करणारा बंधारा आज गप्प दिसतोय आणि आजच तो जास्त वाईट आहे. पाणी अजून चढलं तर हा उलट्या पाण्याचा भोवरा मोडतो आणि धार वरच्यावर निघून जाते, पण ती पातळी काठावरनं नुसत्या डोळ्यांनी ओळखायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

शिवाय फेस. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते. पाण्यात २० टक्के हवा धरली तर ६० किलोच्या माणसाला वर उचलणारा जोर साधारण १२ किलोने कमी होतो आणि कयाकिंगच्या बऱ्यापैकी लाइफ जॅकेटची उचल असते ७ किलोच्या आसपास. पुतण्याच्या कयाकबरोबर फुकट आलेल्या भगव्या पिशवीबद्दल तर बोलायलाच नको.

आमच्याकडे अशा जागेला म्हणतात आसरा (पाण्यातल्या देवता) ओढतात, नदी बळी मागते, म्हणून काठावर लिंबू-नारळ. ठीक आहे, पण त्याच भोवऱ्यात ओंडके आणि जुने टायरपण फिरत बसतात, आसरांना टायर कशाला पाहिजेत?

ह्यात वाचवायला जाणारेही जातात. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला सस्क्वेहॅना नदीवरच्या अशाच बुटक्या बांधापाशी, वाचवायला उतरलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांचाच जीव गेला. त्यामुळे बोट घेऊन खालनं जवळ जायचं नाही, काठावर उभं राहून दोर फेकायचा आणि तो स्वतःच्या कमरेला बांधायचा नाही.

आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांची आणखी एक भानगड आहे. पावसाळ्यात बरगे (खांबांच्या मधे पाणी अडवायला बसवतात त्या फळ्या) काढलेले असतात, पाणी खांबांच्या मधनं जातं, मग वाटतं मधनं कयाक काढू. त्या खांबांना बाभळीच्या फांद्या आणि उसाचा पाला अडकलेला असतो, गाळणीसारखा. पाणी जातं, होडी अडकते. सेकंदाला २ मीटर वेगाच्या पाण्यात होडीची एक चौरस मीटर बाजू आडवी अडकली तर २०० किलोच्या आसपास जोर बसतो आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

पुतण्याला हे सगळं सांगितलं, सिंकपण दाखवला. शेवटी त्याने सॅटेलाइट मॅपवर बंधारे शोधून लाल खुणा केल्या. प्रत्येकाच्या बऱ्याच आधी काठाला लागायचं, कयाक डोक्यावर घेऊन बांधावरनं चालायचं आणि उकळीच्या खूप खाली परत पाण्यात सोडायची असं ठरलं. मग मोजून म्हणतो, "काका, ह्यात निम्मं तर चालतच जायचं की हो, ते पण उसातनं."

व्हय.