स्ट्रोकर इंजिन करायचंय? आधी ब्लॉक बोअर करून आणू नका

(जिप्सी आणि जुन्या पेट्रोल जीप ऑफ-रोडसाठी तयार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

स्ट्रोकर म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव (स्ट्रोक) वाढवून सीसी वाढवलेले इंजिन; बोअर करणे म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करणे. एप्रिल-मेमध्ये आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दोन तऱ्हेचे ब्लॉक येतात. काही उघडून जसेच्या तसे आणलेले असतात, काही "बोअरिंग झालंय, आता स्ट्रोकर करून द्या" असे सांगून आणलेले. पहिल्या प्रकारचे काम पावसाळ्याआधी हातावेगळे होते, दुसऱ्या प्रकारचे बहुतेक वेळा मध्येच अडकते. कारण एकच असते: पिस्टन हातात येण्याआधी ब्लॉकला हत्यार लागलेले असते.

स्ट्रोक वाढला की पिस्टन वर जास्त चढतो आणि खाली जास्त उतरतो. जिप्सीच्या १३०० इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी आहे. स्ट्रोक वाढवण्याचा आपल्याकडचा व्यवहार्य मार्ग म्हणजे ऑफसेट ग्राइंडिंग. त्यात क्रँकपिनचे (क्रँकवर रॉड जिथे बसतो त्या पिनचे) केंद्र बाहेर सरकवून पिन घासतात. व्यास ४ मिमीने कमी केला तर केंद्र जास्तीत जास्त २ मिमी सरकते आणि स्ट्रोक ४ मिमीने वाढून ७९.५ होतो. त्याला अर्धा मिमी ओव्हरसाइज बोअर जोडला की १२९८ सीसीचे साधारण १३८६ सीसी होतात.

आता पिस्टन वरच्या टोकाला २ मिमी जास्त चढणार. ते २ मिमी कुठेतरी वजा करावेच लागतात. अर्धा स्ट्रोक, रॉडची सेंटर-टू-सेंटर लांबी (दोन टोकांच्या भोकांच्या मध्यांमधले अंतर) आणि पिस्टनची पिन हाइट, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर, या तिघांची बेरीज ब्लॉकच्या उंचीत बसली पाहिजे. म्हणजे रॉड २ मिमी आखूड हवा किंवा पिस्टनची पिन हाइट २ मिमी कमी हवी. जाड गॅस्केट टाकून हे भागवू नका. जाडी जास्त झाली की पिस्टन आणि हेडमधली फट वाढते, इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके देते, आणि हेड वर उचलल्यामुळे कॅमचे टायमिंगही हलते.

अमेरिकन जीपच्या ४.० लिटर इंजिनाचे व्हिडिओ पाहून बरेच जण येतात. तिथे हे गणित कारखान्याच्याच भागांनी सुटते. ४.० चा स्ट्रोक ८६.७ मिमी, त्याच घराण्यातल्या जुन्या ४.२ चा ९८.९ मिमी, म्हणजे पिस्टन ६.१ मिमी वर जाणार. पण ४.२ चा रॉड साधारण ६.३५ मिमीने आखूड आहे. त्यामुळे क्रँक आणि रॉड दोन्ही ४.२ चे घेतले की पिस्टन जवळजवळ मूळ जागी येतो आणि थोडे बोअर करून ४.६ लिटर मिळतात. जिप्सीत बलेनो १.६ चा ९० मिमी स्ट्रोकचा क्रँक बसवायचा म्हटले, तर ७.२५ मिमी कुठून आणायचे? म्हणून नुसता क्रँक विकत घेऊन येऊ नका.

दुकानात पिस्टन मागताना लोक फक्त बोअर सांगतात: "जिप्सी, पॉइंट पन्नास." (म्हणजे अर्धा मिमी ओव्हरसाइज.) स्ट्रोकरला ते पुरत नाही. पिन हाइट, पिनचा व्यास, माथ्यावरचा खड्डा किंवा उंचवटा आणि स्कर्टची लांबी, हे सगळे जुळले पाहिजे. ज्या पिस्टनची पिन हाइट जुळते तो अनेकदा दुसऱ्याच इंजिनाचा निघतो आणि त्याचा बोअर ७४.५ नसतो. तोवर तुमचा ब्लॉक ७४.५ करून झालेला असतो. पिस्टन त्याहून मोठा असेल तर पुन्हा बोअर करता येतो, भिंत पुरेशी जाड असेल तरच. लहान असेल तर चारही सिलिंडरना आतून स्लीव्ह (नवी नळी) बसवावी लागते, म्हणजे दुप्पट खर्च आणि वाया गेलेले आठवडे.

साइज जुळला तरी क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, उरतोच. कास्ट (ओतीव) पिस्टनला दोन-तीन शतांश मिलिमीटर पुरतात. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) जास्त फुगतो, त्याला दुपटीहून अधिक लागू शकतात. नेमका आकडा पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर असतो. आम्ही प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट मायक्रोमीटरने मोजतो आणि त्या पिस्टनसाठी तो सिलिंडर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड प्लेट) लावून होन करतो, म्हणजे आतून बारीक घासतो. म्हणून पिस्टनवर एक ते चार नंबर टाकलेले असतात. ते पुसू नका, अदलाबदल करू नका.

डमी फिटिंगचे पैसे वेगळे का, हे वरचेवर विचारले जाते. स्ट्रोकरमध्ये इंजिन दोनदा बांधावे लागते. पहिल्यांदा रिंगशिवाय, फक्त मोजण्यासाठी. पिस्टनच्या माथ्यावर प्लास्टिसिन ठेवून क्रँक हाताने फिरवतो आणि दबलेला थर कापून मोजतो: हेडपासून साधारण १ मिमी, इनटेक व्हॉल्व्हपासून किमान २, एक्झॉस्टपासून अडीच. खालच्या टोकाला पिस्टनचा स्कर्ट क्रँकच्या काउंटरवेटला (तोल साधणाऱ्या वजनाला) घासतो का आणि रॉडचे बोल्ट ब्लॉकला किंवा ऑइल पंपाला लागतात का, हे चारही सिलिंडरवर पाहतो. दीड मिमीपेक्षा कमी फट दिसली तर तिथे ब्लॉक घासून जागा करावी लागते. इंजिन पूर्ण बांधून झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

ऑफसेट ग्राइंडिंगमध्ये क्रँकपिनचा वरचा कडक थर निघून जातो, त्यामुळे पुन्हा नायट्रायडिंग (पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया) आणि नंतर सरळपणाची तपासणी आलीच. बारीक झालेल्या पिनला त्या मापाचा रॉड आणि बेअरिंगही लागतात.

कॉम्प्रेशन विसरू नका. मूळ रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ९ धरला आणि पिस्टनच्या वरची चेंबरची जागा तेवढीच ठेवली, तर १३८६ सीसीला तो साडेनऊच्या वर जातो. घाटात, लो रेंजमध्ये, गरम इंजिनावर आणि साध्या पेट्रोलवर नॉकिंग होते. खड्ड्याचा पिस्टन निवडून तो पुन्हा ९ च्या आसपास आणावा. एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीला फ्युएलचे ट्यूनिंगही लागते.

आता एक गोष्ट जी आम्ही काम घेण्याआधी नेहमी सांगतो. २०५/७० आर१५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिमी, २३५/७५ आर१५ चा ७३३. मोठ्या टायरने चाकावरची ओढ ९ टक्के कमी होते. वरच्या स्ट्रोकरने सीसी वाढते सुमारे ७ टक्के. म्हणजे नुसते मोठे टायर टाकून गाडी मंदावली असेल, तर ट्रान्सफर केसमधले रिडक्शन गिअर किंवा डिफरेन्शियलचा रेशो बदलणे स्वस्त पडते. ते कामही आम्ही करतो, आणि पुष्कळ ग्राहकांना आधी तेच सुचवतो.

आरसीवर सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात असा फरक करता येत नाही. म्हणून स्ट्रोकर आम्ही फक्त ट्रेलरवरून इव्हेंटला जाणाऱ्या गाड्यांसाठी घेतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे स्टँडर्ड स्ट्रोकवर नीट ओव्हरहॉल करून देतो.

पहिल्या भेटीला ब्लॉक न धुता, न घासता आणा. सोबत हेड, क्रँक, चारही रॉड त्यांच्या कॅपसह आणि निदान एक जुना पिस्टन हवा. जमल्यास उघडण्याआधी केलेल्या कॉम्प्रेशन टेस्टचे आकडेही आणा. मोजमाप करून पिस्टन आणि रॉडची लेखी यादी देतो; ती घेऊन नाना पेठेत खरेदी करा किंवा आमच्याकडून मागवा. मोजणीचे पैसे काम आमच्याकडे दिल्यास अंतिम बिलातून वजा होतात. पावसाळ्याआधी गाडी हवी असेल तर मार्चअखेरपर्यंत या, कारण पिस्टन मागवावे लागले तर तेवढा वेळ हाताशी हवा.