जंगलातल्या फील्ड कोर्सचा अर्ज नेमका कुठे अडतो? बेळगाव-खानापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

उष्ण कटिबंधातल्या वन्यजीवांचा अभ्यास आणि संवर्धन शिकवणारे निवासी फील्ड कोर्स आता आपल्याकडच्या मुलामुलींनाही माहीत झाले आहेत. काही आठवडे जंगलातल्या संशोधन केंद्रावर राहायचं, पहाटे ठरलेल्या रेषेवर चालून पक्षी-प्राणी मोजायचे, प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप लावायचे, रात्री टॉर्च घेऊन बेडूक शोधायचे आणि शेवटी स्वतःचा छोटा प्रकल्प करून त्याची आकडेवारी मांडायची. कोस्टारिकातलं ला सेल्वा, युगांडातलं किबाले, बोर्निओतलं डानम व्हॅली ही अशा शिक्षणाची नावाजलेली ठिकाणं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणारे अर्ज मात्र गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पात्रता साधी असते. वय १८ पूर्ण, जीवशास्त्र, वनशास्त्र, कृषी किंवा पर्यावरण यातली पदवी झालेली किंवा शेवटच्या टप्प्यात असलेली, आणि इंग्रजीत काम चालवता येणं. मराठी माध्यमातून दहावी केली म्हणून कुणी नाकारत नाही, ती भीती मनातून काढा. ऑनलाइन फॉर्म, गुणपत्रिका, फोटो, बायोडेटा हे एका संध्याकाळचं काम आहे.

पहिली खरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या, आणि पासपोर्टच्या फॉर्मवर नाव व आडनाव वेगळ्या रकान्यांत. त्यात आपल्या भागाची खास भर म्हणजे स्पेलिंग. घरी ‘ज्योती’ लिहिताना शेवटी फक्त ‘टी’, तर कन्नड वळणाने लिहिणारा कारकून ‘टी-एच’ घालतो. एवढ्या एका अक्षरावर अर्ज परत येतो. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा आणि आधार तिच्याशी जुळवून घ्या, कारण गुणपत्रिका दुरुस्त करायला शाळेमार्फत बोर्डाकडे जावं लागतं आणि तिथे महिने जातात. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा सेवा केंद्रातल्या स्क्रीनवर प्रत्येक अक्षर वाचल्याशिवाय ‘बरोबर’ म्हणू नका. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, पुढे व्हिसाचे फॉर्म तिथेच अडून बसतात.

पासपोर्ट निवड झाल्यावर काढू, असं म्हणणाऱ्यांची जागा हातची गेलेली मी पाहिली आहे. साधी फी १,५०० रुपये आहे आणि प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, मग थांबायचं कशाला? धारवाड किंवा कोल्हापूरला हॉस्टेलवर असाल तर पत्ता कोणता द्यायचा हे आधी ठरवा. पोलीस पडताळणीला आले तेव्हा त्या पत्त्यावर तुम्ही नसलात की शेरा प्रतिकूल पडतो. जुना पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

आता शिफारसपत्र. सगळ्यात जास्त अर्ज इथे पडतात. आपल्या प्राध्यापकांचं ठरलेलं पत्र असतं: विद्यार्थी हुशार, शिस्तप्रिय, वर्तन चांगलं. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. पावसात, जळवांच्या वाटेवर, चार अनोळखी माणसांबरोबर तुम्ही कसे वागता हे तिला हवं असतं. म्हणून ज्यांनी तुम्हाला जंगलात काम करताना पाहिलंय त्यांच्याकडे जा. व्याघ्रगणनेत किंवा पक्षीगणनेत स्वयंसेवक म्हणून गेला असाल तर तिथले वनाधिकारी किंवा अभ्यासक चालतील. पत्र बहुतेक ठिकाणी तुम्ही जोडायचं नसतं. संस्था परस्पर ईमेल पाठवते आणि ते उत्तर मुदतीच्या आत यावं लागतं. सरांना फोन करा, स्पॅममध्ये बघायला सांगा, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. यात संकोच करू नका.

मुदतीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘१५ तारखेपर्यंत’ म्हणजे कुणाच्या घड्याळाची १५? बोर्निओतलं सबाह आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथली रात्रीची ११.५९ म्हणजे आपली ९.२९. जेवण उरकून फॉर्म भरायला बसणाऱ्याची खिडकी तेव्हा बंद झालेली असते. कोस्टारिका साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे तिथली मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालते. तरीही भरवसा ठेवू नका, एक दिवस आधीच पाठवा.

अनुभवाच्या रकान्यात भीमगडबद्दल लिहिताना सावध राहा. खानापूर तालुक्यातलं हे अभयारण्य २०११ साली जाहीर झालं आणि बारापेडे गुहांमधल्या दुर्मिळ वटवाघळांमुळे जगभरच्या अभ्यासकांना ते माहीत आहे. पण अभयारण्यात अभ्यासासाठी जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गार्डने गेट उघडलं, ती परवानगी नव्हे. प्राणी पकडणं तर कायद्याने शिकारीतच मोडतं, मग तुम्ही तो मोजून सोडला तरी. ‘मी भीमगडमध्ये वटवाघळं पकडून मापं घेतली’ असं अभिमानाने लिहिणारा अर्ज समिती बाजूला ठेवते, आणि ते बरोबरच आहे. त्यापेक्षा गावाकडचं खरं लिहा: गव्यांनी भात तुडवल्यावर लोकांनी काय केलं, चोर्ला घाटात रस्त्यावर मेलेले साप-बेडूक तुम्ही कसे नोंदवले. यासाठी परवाना लागत नाही, आणि निरीक्षण तुमचं स्वतःचं असतं.

फी सवलत मागणार असाल तर नाडकचेरीचा, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाचा, उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्या. दाखला राज्यात पाच वर्षं चालत असला तरी परदेशी संस्थेला ताजं उत्पन्न हवं असतं, म्हणून नवाच काढा. शेतकरी घरातल्या मुलांची आणखी एक अडचण: खात्यावर वर्षभर काही नाही आणि एकदम उसाचं बिल जमा. व्हिसा अधिकाऱ्याला ते संशयास्पद वाटतं. कारखान्याची पावती आणि जमिनीचा उतारा सोबत लावा. पतसंस्थेचं पासबुक सहसा धरत नाहीत, बँकेचंच स्टेटमेंट द्या. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रातल्या प्रवेशात असलेली सवलत इथे लागू नाही, तो दाखला जोडून उपयोग होत नाही.

युगांडा किंवा केनियाला जायचं असेल तर पिवळ्या तापाची लस फक्त केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांत मिळते. गल्लीतल्या दवाखान्याचा कागद विमानतळावर चालत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो. कोस्टारिकाला अमेरिकेमार्गे तिकीट काढलंत तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. एजंट स्वस्त तिकीट दाखवतो, हे सांगत नाही.

आरोग्याच्या फॉर्मवर दमा, फिट्स, ॲलर्जी काहीही असो, खरं लिहा. सांगितलं म्हणून सहसा कुणी नाकारत नाही, केंद्रावर औषधाची सोय होते. दवाखाना कित्येक तासांवर असताना लपवलेला आजार जिवावर बेतू शकतो.

निवडीचं पत्र आल्यावर ठरलेल्या दिवसांत होकार कळवायचा असतो, नाहीतर जागा प्रतीक्षायादीला जाते. कॉलेजचं ना-हरकत पत्र त्याच आठवड्यात मागा. सेमिस्टर परीक्षेच्या तारखा पुढे-मागे होतात, तेव्हा कोर्सच्या तारखा लिहून दिलेला अर्ज प्राचार्यांकडे पोच घेऊनच ठेवा. तोंडी ‘जा रे, बघू’ यावर जाऊ नका, पुढे हजेरीच्या वेळी ते कुणालाच आठवत नाही.