अमेरिकेची जनगणना: कोणाला मोजतात, कागदपत्रं कोणती लागतात आणि नागरिकत्वाच्या प्रश्नाचं पुढे काय झालं

आधी कागदपत्रांचंच सांगते, कारण विचारणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. अमेरिकेच्या जनगणनेला कोणतंही कागदपत्र लागत नाही. पासपोर्ट नाही, व्हिसाची प्रत नाही, ग्रीन कार्ड नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. हा कशासाठी केलेला अर्ज नाही, त्यामुळे तो नामंजूर होण्याची भीतीही नाही. तुम्ही इथे राहता, एवढीच पात्रता.

२०२०च्या मार्चमध्ये जनगणनेची पत्रं घरोघर आली, तेव्हा न्यू जर्सीत आमच्या कॉम्प्लेक्समधल्या काही मराठी घरांना मी फॉर्म भरायला मदत करत होते. एका दोन बेडरूमच्या घरात तिघं मुलं राहत होती, तिघंही एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर. पत्र फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली न फोडता लावून ठेवलेलं. "ताई, आम्ही कुठे सिटिझन आहोत? हे आमच्यासाठी नसेल," असं एकाचं म्हणणं. तिसऱ्याचं नाव लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, नव्हतं. तो म्हणाला, "माझं नाव घालू नका, उगाच घरमालकापर्यंत गेलं तर?" फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली, त्याआधी समजूत घालण्यात सगळी संध्याकाळ गेली. तेव्हापासून वाटतंय की हे सगळं एकदा मराठीत नीट लिहायला हवं.

कोण मोजलं जातं

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि ती राज्यघटनेनेच बंधनकारक केली आहे. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत राज्यातल्या एकूण 'व्यक्ती' मोजायला सांगितल्या आहेत. शब्द 'नागरिक' नाही, 'मतदार' नाही, 'व्यक्ती' आहे. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या एका शब्दात आहे.

प्रत्यक्षात नियम असा की १ एप्रिल या दिवशी माणूस नेहमी जिथे राहतो आणि झोपतो, तिथे तो मोजायचा. एच-वन बीवरचा नोकरदार, एच-फोरवरची त्याची बायको, एफ-वनवरचा विद्यार्थी, ग्रीन कार्डवाले, नागरिक, आणि ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही तेही, सगळे यात आले. विद्यार्थ्यांची गणना कॉलेजच्या गावी होते, आईवडिलांच्या घरी नाही. १ एप्रिलला किंवा त्याआधी जन्मलेलं बाळ अजून हॉस्पिटलमध्ये असलं तरी त्याची गणना घरी होते.

आपल्याकडे घोळ होतो तो आईबाबांचा. व्हिजिटर व्हिसावर भेटीला आलेले आईबाबा मोजायचे नाहीत, त्यांचं घर पुण्याला किंवा साताऱ्याला आहे. पण ग्रीन कार्डावर कायमचे राहायला आलेले आजी-आजोबा मात्र मोजायचेच. हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपतात, घराच्या कागदांवर नाव नाही, म्हणून त्यांना वगळू नका.

आणि लहान मुलं विसरू नका. २०२०च्या मोजणीनंतर जनगणना ब्युरोने, म्हणजे ही मोजणी करणाऱ्या सरकारी संस्थेनेच, केलेल्या पडताळणीत पाच वर्षांखालची बरीच मुलं निसटल्याचं दिसलं. फॉर्म मोठ्यांसाठी असतो असं समजून लोक तान्ह्या बाळाचं नावच घालत नाहीत.

फॉर्म कसा भरायचा

पुढची जनगणना १ एप्रिल २०३० या तारखेची. तिची पद्धत अजून ठरायची आहे, म्हणून इथे २०२०ची सांगते. टपालाने पत्र येतं, त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो टाकून ऑनलाइन माहिती भरता येते, फोनवर सांगता येते किंवा छापील फॉर्म पोस्टाने पाठवता येतो. २०२०मध्ये इंग्रजीखेरीज आणखी बारा भाषांत ऑनलाइन उत्तर देता येत होतं. त्यात एकही भारतीय भाषा नव्हती. मात्र मार्गदर्शक पुस्तिका ५९ भाषांत होत्या आणि त्यांत मराठी होती. पुस्तिका शेजारी ठेवून इंग्रजी फॉर्म भरायचा, असा मार्ग होता.

एका पत्त्याला एकच फॉर्म. दोन कुटुंबं एकत्र राहत असतील तरी एकच. प्रश्न मोजकेच होते: घरात किती माणसं, घर स्वतःचं की भाड्याचं, एक फोन नंबर, आणि प्रत्येकाचं नाव, लिंग, वय व जन्मतारीख, वंश, फॉर्म भरणाऱ्याशी नातं. हिस्पॅनिक आहात का, हा वेगळा प्रश्न होता. वंशाच्या रकान्यात आपल्यासाठी 'एशियन इंडियन' असा पर्याय होता. धर्म, जात, पगार, व्हिसा, नागरिकत्व यांतलं काहीच नव्हतं.

फॉर्म भरला नाही तर गणक दारात येतो. त्याच्याकडे फोटो आणि मुदतीची तारीख असलेलं ओळखपत्र असतं, ते बिनदिक्कत मागा. सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचा तपशील किंवा पैसे मागणारा माणूस जनगणनेचा नाही, दार लावून घ्या. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. जनगणना कायद्यात नकाराला शंभर डॉलरपर्यंत आणि जाणूनबुजून खोट्या उत्तराला पाचशे डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे.

नागरिकत्वाचा प्रश्न

'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?' हा प्रश्न काही आभाळातून पडलेला नाही. परदेशी माणसांची मोजदाद १८२० पासून अधूनमधून होत आली. बाहेर जन्मलेल्यांना नागरिकत्व घेतलं का, हे १९५०च्या जनगणनेतही विचारलं होतं. नंतर तो सरसकट फॉर्मवरून निघाला आणि २००० पर्यंत काही निवडक घरांना मिळणाऱ्या मोठ्या फॉर्मपुरता उरला.

२६ मार्च २०१८ रोजी वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांनी जाहीर केलं की २०२०च्या फॉर्मवर प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जाईल. कारण सांगितलं ते असं की मतदानात वंशभेद रोखणाऱ्या मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी न्याय खात्याला ही माहिती हवी आहे. न्यूयॉर्कसह अनेक राज्यं आणि शहरं कोर्टात गेली. ब्युरोच्या स्वतःच्या तज्ज्ञांचा इशारा होता की प्रश्न घातला तर परदेशी नागरिक राहत असलेल्या घरांचा प्रतिसाद घटेल, आणि हीच माहिती सरकारी नोंदींमधून कमी खर्चात व जास्त अचूक मिळेल.

२७ जून २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि तो अजूनही अर्धवट सांगितला जातो. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालानुसार नागरिकत्व विचारणं घटनाबाह्य नाही. अडचण होती ती सरकारने दिलेल्या कारणाची. ते कारण नंतर जुळवून आणलेलं वाटतं, असं म्हणून कोर्टाने प्रकरण परत पाठवलं. छपाईची वेळ जवळ आली होती, सरकारने माघार घेतली आणि २०२०चे फॉर्म त्या प्रश्नाशिवाय निघाले. म्हणजे दार बंद झालेलं नाही. खरं, पटणारं कारण देऊन कोणी हा प्रश्न पुन्हा आणू शकतो.

प्रश्नाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. देशात नागरिक किती, हे सरकारला माहीत असण्यात गैर काय? प्रतिनिधी निवडणारे नागरिक, मग जनगणनेवरून राज्यांना प्रतिनिधी सभागृहातल्या जागा वाटताना बाकीचे का मोजायचे? २०१९च्या उन्हाळ्यात ब्युरोने प्रश्नासह आणि प्रश्नाविना फॉर्म पाठवून चाचणी घेतली, तेव्हा एकूण प्रतिसादात मोठा फरक पडला नाही. पण परदेशी नागरिकांची वस्ती जास्त असलेल्या भागांत तो कमी झाला. मला नेमकी हीच गोष्ट बोचते. प्रश्न एकाला विचारायचा आणि गप्प बसायचं सगळ्या घराने. त्या घरातलं इथे जन्मलेलं, नागरिक असलेलं पोरही मोजणीतून जातं. आमच्या त्या तिसऱ्या मुलाला लीजचीच एवढी भीती होती, फॉर्मवर नागरिकत्व विचारलं असतं तर पत्र मॅग्नेटखालीच राहिलं असतं.

एकदोन माणसांनी काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २०२०च्या मोजणीनंतर न्यूयॉर्क राज्याने प्रतिनिधी सभागृहातली एक जागा गमावली. आणखी ८९ माणसं मोजली गेली असती तर ती राहिली असती. शाळा, रस्ते, आरोग्य यांचा केंद्राचा पैसाही याच आकड्यांवरून वाटला जातो.

"पण माझ्या फॉर्मवर तर नागरिकत्व विचारलंय!"

मग तुमच्या हातात अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे आहे. तो वेगळा. दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, बराच लांब असतो आणि त्यात नागरिकत्वाचा प्रश्न आहे. तोही बंधनकारक आहे, पण कागद त्यालाही जोडायचा नाही. इथे जन्मलेल्या मुलांसाठी पहिला पर्याय. शपथ घेऊन नागरिक झालेल्यांनी तो पर्याय आणि वर्ष लिहायचं, भारताने दिलेल्या ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं कार्ड) इथे संबंध नाही. व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्यांनी 'नागरिक नाही' यावर खूण करायची.

माहिती कुठे जाते

कायद्याने जनगणनेची उत्तरं इमिग्रेशनला, पोलिसांना, कोर्टाला किंवा घरमालकाला देता येत नाहीत. फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. वैयक्तिक नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, १९५०च्या २०२२मध्ये झाल्या. तरीही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात हे संरक्षण कायदा करून सैल केलं गेलं आणि जपानी वंशाच्या लोकांविरुद्ध जनगणनेची माहिती वापरली गेली. आजचा कायदा त्यानंतर कडक झाला आहे, आणि तो तसाच राहतो की नाही याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

२०३० साठी तारखा

ऑगस्ट २०२५मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी बेकायदा राहणाऱ्यांना वगळून नवी जनगणना करण्याची सूचना दिल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून वाद पुन्हा पेटला आहे. कायद्यानुसार जनगणनेचे विषय तीन वर्षं आधी, म्हणजे १ एप्रिल २०२७ पर्यंत, आणि नेमके प्रश्न दोन वर्षं आधी, १ एप्रिल २०२८ पर्यंत काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, ठेवावे लागतात. फॉर्मच्या मसुद्यावर फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रातून लोकांच्या हरकती व सूचना मागवतात. हरकत नोंदवायला नागरिक असावं लागत नाही. व्हिसावर असलात तरी ती लेखी पाठवता येते, साध्या इंग्रजीत चार ओळीही चालतात.